वसंतातले स्वर आणि त्यांचे धनी

माघ सरतो, थंडीचा अंमल ओसरू लागतो आणि सह्याद्रीच्या उतारांवरील पानगळीचे वृक्ष आपला सारा पर्णसंभार खाली टाकून मोकळे होतात, त्या वेळी आपल्याकडे पक्षिनिरीक्षणाचा जो काळ सुरू होतो, त्याच्या तोडीचा काळ उरलेल्या वर्षात पुन्हा लाभत नाही. युरोपातील वसंत झाडांना पालवी देतो आणि गाणारा पक्षी त्या पालवीतच दडवून ठेवतो. दख्खनच्या पठारावर व घाटाखालच्या रानांत मात्र काटेसावर, पळस आणि पांगारा हे वृक्ष निष्पर्ण अवस्थेतच फुलतात, आणि नेमक्या याच दिवसांत पक्ष्यांच्या कंठांना स्वर फुटतो. दृष्टी आणि श्रवण या दोन्हींना एकाच वेळी इतका अनुकूल असा दुसरा ऋतू आपल्याकडे नाही. राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचे ठरविले, ते मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या सन्मानार्थ; आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या स्वागताला तो काळ योग्यही आहे. परंतु ज्याला या छंदाचा श्रीगणेशा करावयाचा आहे, त्याने तो नोव्हेंबरात न करता फाल्गुनात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण हिवाळ्यातले वटवटे आणि तिरचिमण्या बहुधा मूक, मळकट रंगाच्या आणि परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की अनुभवी माणसाचीही तेथे परीक्षा व्हावी, तर फाल्गुनातला पक्षी फांदीच्या शेंड्यावर बसून स्वतःची ओळख स्वतःच्या तोंडाने देत असतो.

या आरंभासाठी अभयारण्य गाठण्याची गरज नाही. गावाच्या शिवारात किंवा शहराबाहेरच्या टेकडीच्या पायथ्याशी फुललेली एक काटेसावर शोधावी, सूर्य आपल्या पाठीशी राहील अशा बेताने तिच्यापासून थोडे दूर उभे राहावे, आणि उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत तेथून हलू नये. सावरीचे फूल म्हणजे जाड, मांसल, तांबड्या पाकळ्यांचा एक प्यालाच असतो. त्याच्या तळाशी मधुरस साठतो, आणि त्या रसासाठी व रसावर जमणाऱ्या किड्यांसाठी पक्ष्यांची जी रीघ लागते ती पाहिली म्हणजे एकाच झाडावर इतक्या जातींची हजेरी कशी लागते याचे आश्चर्य वाटते. प्रथम येतात ते कावळे आणि साळुंक्या. त्यांच्या मागोमाग गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा कलकलाट करीत उतरतो, आणि पाहता पाहता झाडाचा ताबा घेतो. लालबुड्या बुलबुल फुलाच्या कडेवर बसून आत वाकतो, तर शिपाई बुलबुल आपला टोकदार तुरा मिरवीत शेजारच्या फांदीवर वाट पाहतो. कोतवाल मध पितो आणि मध पिणाऱ्या इतरांना हुसकावूनही लावतो. हिरव्या अंगाचा हरेवा एरवी दाट पानांत असा विरून जातो की तो दिसावा कसा हा प्रश्नच असतो. परंतु पर्णहीन सावरीवर त्याला लपायला जागाच उरत नाही. परत निघताना ज्या फुलांत तोंड घातले त्यांचे पराग कपाळावर माखून घेऊन हे सारे पाहुणे दुसऱ्या झाडाकडे जातात, आणि सावरीचे काम होते.

याच गर्दीत एखादी चिमणी दिसली, तर ती घरचिमणीच असेल असे गृहीत धरू नये. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका आणि खांद्यावर तांबूस डाग असेल, तर ती पीतकंठी रानचिमणी होय. मुंबईतल्या एका मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावरचा हाच पिवळा ठिपका त्याच्या नजरेला खटकला, ती कोणती हे विचारण्यासाठी तो १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला, तेथील मानद चिटणीस मिलार्ड यांनी त्याला जतन केलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखविले, आणि पुढे तो मुलगा सालिम अली या नावाने जगाला ठाऊक झाला. ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. मला तिच्यातले मोल वाटते ते त्या ठिपक्याचे. नेहमीच्या चिमणीचे रूप ज्याच्या डोळ्यांत पक्के बसलेले असते, त्यालाच हा ठिपका वेगळा आहे हे कळते. पक्षी ओळखण्याच्या विद्येचे मर्म बहुतांशी एवढेच आहे: परिचितांना इतके पूर्णपणे ओळखावे की अपरिचित आपोआप उठून दिसावा.

नवशिक्याचा पहिला मोह रंगाकडे असतो, आणि रंगच त्याला सर्वांत आधी फसवितो. प्रतिकूल प्रकाशात हिरवा पक्षी काळा दिसतो, पिवळा करडा दिसतो. म्हणून रंगाचा तपशील शेवटी टिपावा आणि प्रथम आकारमान ठरवावे. सालिम अलींनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात वापरलेली रीत आजही सर्वांत सोयीची आहे: पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कबुतराएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, आणि त्याहून किंचित लहान की किंचित मोठा, एवढे आधी मनाशी नक्की करावे. त्यानंतर चोच पाहावी, कारण चोच ही आहाराची साक्ष देते. मग शेपटीची लांबी व तिची हालचाल. आणि मग बसण्याची व उडण्याची ढब. गावातला माणूस तोंड दिसण्यापूर्वीच दुरून चालीवरून ओळखू येतो, तसाच पक्षीही परिचयानंतर केवळ ढबीवरून ओळखता येऊ लागतो. धोबी शेपटी खालीवर हलवीत चालतो. सुतार बुंध्यावरून शेपटीचा टेकू घेत वर चढतो, तर शिलींध्री त्याच बुंध्यावरून डोके खाली करून सहज उतरते. वेडा राघू तारेवरून हवेत झेप घेऊन किडा टिपतो आणि त्याच जागी परत येऊन बसतो.

काळ्या पक्ष्यांचेच पाहा. चैत्रातल्या एका सकाळी एकाच शिवारात पाच काळे पक्षी दिसू शकतात, आणि त्यांचा काळा रंग त्यांना ओळखण्याच्या कामी जवळजवळ निरुपयोगी असतो. तारेवर ताठ बसलेला, बुलबुलाहून फारसा मोठा नसलेला आणि लांब शेपटी टोकाशी दुभंगलेला तो कोतवाल. जवळून पाहता आले तर त्याच्या चोचीच्या मुळाशी एक पांढरा ठिपका दिसतो. कावळ्याहून सडपातळ, लांब शेपटीचा, लाल डोळ्यांचा आणि हिरवट चोचीचा तो कोकिळ नर. खडकाळ माळावर दगडावर बसून शेपटी पाठीकडे उभारणारा, खांद्यावर पांढरा पट्टा आणि शेपटीखाली तांबूस रंग असणारा, चिमणीएवढा तो चिरक. फुलांवर भिरभिरणारा, बारीक बाकदार चोचीचा आणि उन्हात निळाजांभळा चमकणारा, चिमणीहूनही लहान तो जांभळा शिंजीर. पाचवा अर्थातच कावळा. आकार, चोच, शेपटी आणि बैठक या चार गोष्टी नीट पाहिल्या तर यांपैकी एकाचाही दुसऱ्याशी घोटाळा होण्याचे कारण नाही.

यांपैकी शिंजिराकडे वसंतात विशेष लक्ष द्यावे, कारण या ऋतूत पक्षी आपला पेहराव कसा बदलतो हे तो सर्वांना दिसेल अशा रीतीने दाखवितो. विणीचा हंगाम संपल्यावर नराचे झळझळीत पिसारे जातात. तो वरून तपकिरी, खालून पिवळसर, म्हणजे जवळजवळ मादीसारखा दिसू लागतो आणि हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी त्याच्या नरपणाची खूण म्हणून उरते. पुढे विणीचे दिवस जवळ आले की त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना गडद पिसे फुटू लागतात, काही दिवस तो चट्ट्यापट्ट्यांचा, ओळखू न येण्याजोगा दिसतो, आणि मग एक दिवस संपूर्ण निळाजांभळा होऊन बाहेर पडतो. गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर चढणारा केशरी रंग, किंवा ओढ्याकाठी मातकट अंगाने अदृश्य होऊन बसणाऱ्या वंचकाच्या पाठीवर येणारी गर्द तांबूस पिसे, हीदेखील विणीच्या हंगामाचीच लक्षणे होत. मात्र ती पावसाळा जवळ येईल तशी अधिक ठळक होतात.

हा बदल आणि गाणे, दोन्हींचे मूळ एकच आहे. दिवस मोठा होऊ लागला की वाढत्या प्रकाशाचा परिणाम पक्ष्याच्या मेंदूवर होतो, त्याच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि प्रजननाची सिद्धता सुरू होते. नर एखादा भूभाग आपला म्हणून धरतो, आणि त्याचे गाणे हा त्या हद्दीचा जाहीरनामा असतो: इतर नरांना दूर राहण्याची ताकीद आणि मादीला आमंत्रण, असा दुहेरी मजकूर त्यात असतो. वर्षभर ऐकू येणारे धोक्याचे, भुकेचे किंवा थव्यातल्या संपर्काचे छोटे छोटे आवाज निराळे, आणि हे लांबलेले, रचना असलेले गान निराळे. अभ्यासकाने हा भेद आरंभापासून कानात ठेवावा. माणसाचे स्वरयंत्र गळ्याशी असते, पक्ष्याचे मात्र छातीत, श्वासनलिका जेथे दोन शाखांत विभागते त्या जागी असते. आणि गाणारे अनेक पक्षी त्याच्या दोन बाजू स्वतंत्रपणे चालवू शकत असल्यामुळे एवढ्याशा देहातून इतके गुंतागुंतीचे स्वर निघतात.

आवाज शिकावयाचे तर कोणत्या क्रमाने, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर पक्ष्यांच्याच स्वभावात आहे. काही पक्ष्यांचा आवाज जन्मजात असतो. कोकिळेचे पिलू कावळ्याच्या घरट्यात वाढते, कावळ्याच्याच चोचीने भरवले जाते, तरीही मोठे झाल्यावर ते कोकिळासारखेच बोलते. अशा पक्ष्यांचा आवाज पनवेलीस ऐका किंवा नागपुरास ऐका, तो एकच; म्हणून नवशिक्याने त्यांच्यापासून आरंभ करावा. याउलट खरे गायक पक्षी आपले गाणे लहानपणी वडीलधाऱ्यांचे ऐकून शिकतात, त्यात स्वतःची भर घालतात, आणि त्यामुळे दोन आळींतल्या दोन नरांची चाल वेगवेगळी असू शकते. तेथे चाल पाठ करून उपयोग नाही, आवाजाचा पोत कानात बसवावा लागतो.

पहिल्या वर्गात कोकिळ, पावशा आणि तांबट हे तीन आवाज प्रथम पक्के करावेत. हिवाळाभर मौन धरलेला कोकिळ ऊन वाढू लागताच ‘कुऊ-कुऊ’ असा चढता स्वर लावतो. हा स्वर नराचा. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी झाडांतून उडताना ‘किक्-किक्-किक्’ असा तीक्ष्ण आवाज करते, आणि तो आवाज तिचा आहे हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक लोक आयुष्यभर ती जवळ असूनही तिला ओळखत नाहीत. पावशाचे ‘पेर्ते व्हा’ शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही; परंतु त्याची रचना मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येक आवर्तन आधीच्याहून चढ्या पट्टीत जाते, स्वर टिपेला पोहोचतो, एकाएकी तुटतो, आणि काही वेळाने पुन्हा खालून सुरुवात होते. चांदण्या रात्रीही हा क्रम चालू राहतो. दिसायला पावशा शिक्र्यासारखा, इतका की तो उडाला म्हणजे लहान पक्षी शिक्रा समजून ओरड करतात. पण त्याची चोच शिकारी पक्ष्याप्रमाणे आकडीसारखी वाकलेली नसते, आणि ओळख पटविण्यास एवढी एक खूण पुरते.

तांबट हा चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, तांबड्या कपाळाचा आणि पिवळ्या गळ्याचा पक्षी. त्याचा ‘टुक्-टुक्-टुक्’ हा एकसुरी आवाज वैशाखाच्या दुपारी, इतर सारे पक्षी गप्प झाल्यावरही, थांबत नाही. तो ओरडताना दुर्बिणीतून जरूर पाहावा: चोच बंद असते, प्रत्येक ठोक्याला गळ्याची पिवळी कातडी फुगते आणि बसते, आणि डोके एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळत राहते. डोके वळले की आवाजाची दिशा बदलते, आणि म्हणूनच समोरच्या वडाच्या शेंड्यावर बसलेला तांबट आपण मागच्या पिंपळावर शोधीत राहतो. त्याचा मोठा भाऊबंद कुटुर्गा ‘कुटर्र-कुटर्र’ असा गजर सुरू करतो, एकाने आरंभ केला की दुसरा साथ देतो, आणि घाटातली सारी राई दुमदुमून जाते.

दुसऱ्या वर्गाचा मानकरी दयाळ. बुलबुलाएवढा, वरून चकचकीत काळा, खालून पांढरा, पंखावर पांढरी पट्टी आणि शेपटी वर उचललेली, असा हा पक्षी शहरातल्या वाड्यांच्या परसांत, कचेऱ्यांच्या आवारांत आणि रेल्वेच्या वसाहतींतही राहतो, बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे, आणि तरीही आपल्यातले फार थोडे लोक त्याला नावाने ओळखतात. हिवाळ्यात तो झुडपांच्या सावलीत वावरतो. एखादी करुण ‘स्वी-ई’ आणि एखादी कर्कश खरखर, एवढेच त्याचे बोलणे. पण होळीच्या आगेमागे तोच नर झाडाच्या सर्वोच्च फांदीवर, किंवा विजेच्या खांबाच्या टोकावर येऊन बसतो आणि उजाडण्यापूर्वीच गाऊ लागतो. स्वच्छ, गोड शिळेचे छोटे छोटे तुकडे, मध्ये क्षणभर विराम, मग निराळ्या वळणाचा दुसरा तुकडा, मधूनच दुसऱ्या पक्ष्याच्या बोलीतला एखादा उसना शब्द, असे त्याचे गाणे अर्धा अर्धा तास चालते. पहाटे वारा पडलेला असतो, किडे टिपण्याइतका उजेड नसतो, माणसांची वर्दळ नसते, त्यामुळे त्याचा स्वर दूरवर जातो. पक्ष्यांचे आवाज शिकू इच्छिणाऱ्याने दिवसाची हीच वेळ आपली म्हणून राखून ठेवावी. करड्या अंगाची मादी जवळ आली की नर शेपटीचा पंखा करून, छाती पुढे काढून तिच्यासमोर मिरवितो. पुढे भिंतीच्या किंवा झाडाच्या ढोलीत घरटे होते, आणि पिलांना चारा आणण्याच्या धावपळीत गाणे हळूहळू कमी होत जाते.

कानावर विश्वास ठेवावा, पण आंधळा विश्वास ठेवू नये, ही सूचना भृंगराजासाठी आहे. शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाशी पिसांचे पल्लव मिरविणारा हा रानातला कोतवाल शिक्र्याचा, कुटुर्ग्याचा आणि इतर कित्येकांचा आवाज इतका हुबेहूब काढतो की पनवेलनजीकच्या कर्नाळ्याच्या रानात ऐकलेली निम्मी नावे त्याच्या एकट्याच्याच खात्यावर जमा व्हावीत. हरेवाही नकलेत वाकबगार आहे. म्हणून अपरिचित आवाज ऐकला की तो वहीत जरूर लिहावा, पण धनी डोळ्यांनी दिसेपर्यंत नोंद कच्ची समजावी.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुर्बीण ८ × ४० ची घ्यावी. यातला पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत देतो. याहून अधिक शक्तीची दुर्बीण हाताच्या कंपाने अधिक हलते. पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपुढे आणण्याची सवय करावी. वहीत तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करीत होता आणि कसा बोलला, हे त्याच जागी लिहावे. आवाज आपल्याला जसा ऐकू आला तशाच अक्षरांत लिहावा, छापील पुस्तकातील अक्षरांशी तो जुळलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. हल्ली मोबाइलवर आवाज ऐकवून पक्ष्याचे नाव सांगणारी साधने आली आहेत, आणि खातरजमेसाठी त्यांचा उपयोग होतो. परंतु मोबाइलवरून पक्ष्याचेच गाणे मोठ्याने वाजवून त्याला समोर बोलावण्याची जी प्रथा छायाचित्रांच्या हौसेपायी वाढत चालली आहे, तिचा मी कळकळीने निषेध करतो. त्या आवाजाने नराला आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरल्याचा भास होतो. तो घरटे आणि पिले सोडून त्या अस्तित्वात नसलेल्या शत्रूशी लढण्यात आपली शक्ती खर्ची घालतो, आणि तीही अशा दिवसांत, जेव्हा त्याला घासाघासाचा हिशेब करावा लागतो.

एकाच झाडापाशी थांबण्याविषयी मी आरंभी जे सांगितले, त्याला मोठा आधार आहे. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे मुक्काम असताना सालिम अलींनी सुगरणींच्या एका वसाहतीवर दीर्घकाळ नजर ठेवली, आणि तोवर नीट उलगडा न झालेली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: नर सुगरण घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन त्याची तपासणी करते, पसंत पडले तर त्याचा स्वीकार करते, आणि मग तो ते घरटे पुरे करून लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणू लागतो. या शोधासाठी दुर्मिळ पक्षी लागला नाही की दूरचा मुलूखही लागला नाही; सुगरणीची घरटी तर विहिरीवरच्या बाभळीवर सर्वांनीच पाहिलेली असतात.

चैत्र संपता संपता भोरड्या मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशाकडे निघून जातात, हिवाळाभर मूक राहिलेल्या वटवट्यांपैकी काही जाण्यापूर्वी थोडेसे गाऊन जातात, आणि सावरीच्या बोंडांतून कापूस उडू लागतो. वैशाखाच्या अखेरीस, पश्चिमेचे वारे सुरू झाल्यावर, काळ्यापांढऱ्या अंगाच्या आणि तुरेवाल्या चातकाचा ‘पियू-पियू’ आवाज ऐकण्यासाठी कान तयार ठेवावेत. यांतले पुष्कळसे चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून मॉन्सूनच्या पुढेमागे येतात. तोवर ज्याने शिवारातले सातभाई नीट पाहून ठेवलेले असतील, त्याला चातक आणि पावशा दोघेही हमखास सापडतात. पालापाचोळ्यात कलकलत फिरणाऱ्या या मातकट पक्ष्यांकडे नवशिके लोक ढुंकूनही पाहत नाहीत. पण पावशाची आणि चातकाची मादी आपले निळे अंडे ठेवते ते सातभाईंच्याच घरट्यात, त्यांच्याच निळ्या अंड्यांशेजारी, आणि ज्येष्ठ-आषाढात एखाद्या बोरीच्या झुडपापाशी सातभाईंचा थवा आपल्याहून मोठ्या, सतत भूक भूक करणाऱ्या एका परक्या पिलाला आळीपाळीने चारा भरविताना दिसतो.